उरलेल्या खमिराचं काय करायचं?

घरी सावरडोचा पाव करायला शिकलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न पावाबद्दलचा नसतो, बरणीबद्दलचा असतो. "बरणीतलं खमीर जिवंत ठेवायचं तर रोज त्यातलं अर्ध्याहून जास्त काढून टाका, असं सगळे सांगतात. चांगली कणीक रोज मोरीत ओतायची? आणि ओतायची नसेल, तर तिचं करायचं काय?"

यावर कुणीतरी सुचवतं की मफिन करा, आणि त्यात डांगर घाला. (लाल भोपळ्याला जुन्नर-आंबेगावकडे कुणी डांगर म्हणतं, कुणी तांबडा भोपळा. मी या प्रकरणात डांगरच म्हणणार आहे.) सल्ला चांगलाच आहे. पण मफिन केले जातात आणि दुसरा प्रश्न उभा राहतो. "इतकं खमीर घातलं, तरी मफिन गच्च कसा बसला?" किंवा "फुगला खरा, पण साबणासारखा का लागतो?"

या सगळ्या प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत. खमीर म्हटलं की ते फुगवणारच, असं आपण धरून चालतो. पावात ते फुगवतंही. मफिनमध्ये मात्र उरलेलं खमीर फुगवण्याचं काम करत नाही, ते आंबटपणा पुरवतं. ढोकळ्यात ताकाचं जे काम, तेच मफिनमध्ये उरलेल्या खमिराचं. हे एकदा नीट कळलं की प्रमाणं पाठ करावी लागत नाहीत, ती आपली आपल्याला काढता येतात.

१. विरजणाचं भावंड

सावरडो म्हणजे आंबट पीठ. त्याचं खमीर, ज्याला बेकरीवाले स्टार्टर म्हणतात, ते करायला कणीक आणि पाणी यांच्याशिवाय काही लागत नाही. दोन्ही समान वजनाने कालवून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं घेऊन त्यात नवी कणीक आणि नवं पाणी घालायचं. असं आठ-दहा दिवस केलं की वास छान आंबूस होतो आणि भरवल्यावर काही तासांत ते दुप्पट फुगतं. मग ते कामाला लागलं असं समजायचं.

आपल्या घरात याचं भावंड रोज असतं, ते म्हणजे विरजण. कालच्या दह्याचा एक चमचा आजच्या दुधात घातला की उद्याचं दही तयार. त्या चमच्यात जिवाणू असतात. ते दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दूध घट्ट होतं. खमिरातही हेच घराणं असतं, लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू. शिवाय त्यात दुसरंही बिऱ्हाड असतं, यीस्टचं. यीस्ट ही एक सूक्ष्म बुरशी आहे. ती साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडते आणि थोडं मद्यही तयार करते. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं, एक आंबवणारं आणि एक फुगवणारं.

ही दोन बिऱ्हाडं भांडत कशी नाहीत, याचं उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावावर काम करणाऱ्या संशोधकांना १९७१ साली मिळालं. पिठातल्या स्टार्चपासून माल्टोज नावाची साखर सुटते. तिथल्या जिवाणूला माल्टोज अतिशय आवडते आणि त्याच्या शेजारचं यीस्ट तिला शिवतही नाही, ते दुसऱ्या साखरा खातं. चुली वेगळ्या असल्यावर भांडण कशाला? त्या जिवाणूला त्या शहराचं नाव दिलं गेलं. पुढे तोच जिवाणू जगात इतरत्रही सापडला.

ही मंडळी येतात कुठून? "हवेतून" असं बरेच जण सांगतात. नारायणगावच्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक समजूत ऐकायला मिळते. द्राक्षावर जी पांढुरकी लव असते तीच यीस्ट, म्हणून चार द्राक्षं पिठात टाका, असं सांगतात. ती लव यीस्ट नाही, ते द्राक्षाने स्वतःच्या सालीवर चढवलेलं मेण आहे, आतला ओलावा राखण्यासाठी. त्या सालीवर थोडं यीस्ट असतं हे खरं, पण पावाच्या खमिराला त्याची गरज पडत नाही. नारायणगावजवळ १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी शॅम्पेनच्या धर्तीवरची फेसाळ वाइन करणारा कारखाना उभा केला. तशा वाइनच्या कारखान्यांतही भरवसा बहुधा सालीवरच्या यीस्टवर न ठेवता निवडून वाढवलेल्या यीस्टवर ठेवतात.

खमिरातले जीव येतात मुख्यतः पिठातून, आणि काही ते कालवणाऱ्या हातातून. गिरणीतून दळून आणलेल्या कणकेत धान्याचा कोंडा असतो आणि कोंड्यावर हे जीव भरपूर असतात. म्हणून मैद्यापेक्षा कणकेचं किंवा नाचणीचं खमीर लवकर धरतं. खमीर जगात कुठल्या गावचं आहे यावरून त्यातले जीव ठरतात का, हेही तपासून झालं आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५०० घरगुती आणि बेकरीतली खमिरं तपासली गेली. गावावरून फारसं काही ठरत नाही, असं दिसलं. तेव्हा परदेशातून कुणी 'अस्सल' खमीर पाठवलं म्हणून ते जुन्नरच्या कणकेच्या खमिरापेक्षा सरस ठरत नाही.

२. टाकायचं तरी का?

खमिराला भरवताना जितकं खमीर तितकी कणीक आणि तितकंच पाणी, असा सोपा हिशेब आहे. म्हणजे प्रत्येक वेळी वजन तिप्पट होतं.

समजा पहिल्या दिवशी ५० ग्रॅम खमीर आहे आणि तुम्ही ठरवलंत की कणभरही टाकायचं नाही. पहिल्यांदा भरवल्यावर १५० ग्रॅम झालं. दुसऱ्यांदा ४५० ग्रॅम, तिसऱ्यांदा १ किलो ३५० ग्रॅम, चौथ्यांदा ४ किलोंच्या वर. सात दिवस रोज भरवलंत तर आठवड्याच्या शेवटी १०९ किलो. बरणी सोडाच, घरातला पाण्याचा पिंपही पुरणार नाही.

मग न टाकता कमी भरवलं तर? ५०० ग्रॅम खमिराला दोन चमचे कणीक, असं केलं तर इतक्या जिवांना तेवढं अन्न तासाभरात संपतं. आम्ल साचत जातं, यीस्ट दमतं आणि बरणीतून नेलपॉलिशसारखा वास येऊ लागतो. म्हणून काढून टाकायला सांगतात. सांगणाऱ्यांचं चुकत नाही, पण त्यांनी खरं म्हणजे "काढा" एवढंच सांगायला हवं होतं. "टाका" हा शब्द फाजील आहे.

रोज पाव करत नसाल तर दोन गोष्टी करा. बरणीत २० ग्रॅमहून जास्त खमीर बाळगू नका. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा भरवा. थंडीत जीव सुस्तावतात. ढोबळ मानाने तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचा वेग निम्म्यावर येतो, म्हणून मंचरच्या मे महिन्यात चार तासांत फुगणारं खमीर पौषात दिवस घेतं. भरवताना जे काढाल ते दुसऱ्या एका डब्यात फ्रिजमध्येच साठवत जा. साधारण महिनाभरात मफिनपुरतं जमतं.

इथे एक खबरदारी सांगायलाच हवी. नवं खमीर लावताना पहिल्या आठवड्यात जे काढाल ते खाण्यात वापरू नका. तोपर्यंत आम्ल पुरेसं झालेलं नसतं आणि त्यात नको ते जिवाणूही वाढलेले असतात. झाडांच्या मुळाशी घाला. जुन्या खमिरावर करडं पाणी साचलं तर घाबरू नका, ते पाणी आणि थोडं मद्य असतं, ढवळून टाका. पण गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली, किंवा लोकरीसारखी बुरशी दिसली, तर सगळा डबा फेकून द्या. तिथे हळहळ नको.

३. फुगण्याच्या तीन वाटा

आता मफिनकडे वळण्याआधी घरचाच एक पदार्थ बघू. डांगराचे घारगे. डांगर किसून वाफवायचं, गरम असतानाच त्यात गूळ विरघळवायचा, मीठ, जायफळ, वेलची आणि त्यात मावेल तेवढी कणीक. वरून पाणी घालायचं नाही, डांगराचं आणि गुळाचं पाणीच पुरतं. थापून तेलात सोडले की टम्म फुगतात. माझ्या आईच्या हातच्या घारग्यात कधी सोडा पडला नाही. मग ते फुगतात कशाने?

वाफेने. ही पहिली वाट. तेल १८० अंशांच्या आसपास असतं. घारग्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा लागते. वरचा पापुद्रा तोवर धरलेला असतो, म्हणून तो उचलला जातो. पुरी आणि भाकरीचंही तेच. पण ही वाट पातळ पदार्थापुरती आहे. जाड गोळ्याला वाफ आतून एकसारखी उचलू शकत नाही.

दुसरी वाट यीस्टची. पाव तिनेच फुगतो. यीस्ट सावकाश वायू सोडतं आणि मळलेल्या कणकेतली चिवट जाळी तो वायू फुग्यासारखा धरून ठेवते. या जाळीला ग्लुटेन म्हणतात. पोळीची कणीक तिंबल्यावर ताणली जाते, ती हिच्यामुळेच. या वाटेला वेळ लागतो, चार तास, आठ तास, कधी रात्रभर.

मफिनला एवढा वेळ नसतो. मिश्रण कालवल्यापासून दहा मिनिटांत ते ओव्हनमध्ये जातं, आणि ५५-६० अंशांवर यीस्ट मरतं. फ्रिजमधलं भुकेलं, गारठलेलं यीस्ट त्या दहा मिनिटांत काय करणार? त्यात मफिनच्या मिश्रणात गूळ भरपूर असतो, आणि एवढ्या गोडात यीस्टचं पाणी शोषलं जातं. शिवाय मफिनमध्ये ती चिवट जाळी आपल्याला नकोच असते, नाहीतर मफिन रबरासारखा होतो.

म्हणून तिसरी वाट, आंबट आणि सोडा.

४. आंबट अधिक सोडा

लिंबू पिळलेल्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकला की फसफसतं. सोडा आम्लाच्या उलट गुणाचा. दोघं भेटले की एकमेकांना शांत करतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे यीस्ट जो वायू आठ तासांत देतं तोच वायू इथे मिनिटात मिळतो.

सोडा आम्लाशिवायही फुगवतो, नुसत्या उष्णतेनेही तो फुटतो. मात्र तसा फुटला तर निम्माच वायू देतो, आणि मागे उरतो धुण्याचा सोडा. साबणासारखी चव येते ती त्याचीच. म्हणजे "फुगला नाही म्हणून अजून एक चमचा सोडा" हा उपाय उलटा आहे. कमी पडलेलं असतं आम्ल आणि आपण वाढवतो सोडा.

हे ओळखायची एक युक्ती आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हळद आम्लात पिवळी राहते आणि आम्ल संपून सोडा शिल्लक राहिला की तांबूस होते. खमण ढोकळ्यात कधी लाल ठिपके दिसतात ते याचमुळे, तिथे सोडा नीट मिसळलेला नसतो. मफिनचं मिश्रण चमचाभर वेगळं काढा आणि त्यात चिमूटभर हळद टाका. डांगरामुळे मिश्रण आधीच पिवळं असतं, त्यामुळे पांढऱ्या बशीत पसरून बघा. तांबूस झालं तर सोडा जास्त आहे.

मग किती खमिराला किती सोडा? हा हिशेब तुम्हीच करू शकता. चांगलं आंबलेल्या खमिरात समजा शंभर ग्रॅममध्ये १ ग्रॅम आम्ल आहे. लॅक्टिक आम्ल आणि खाण्याचा सोडा एकमेकांना जवळपास समान वजनाने शांत करतात, ९० ग्रॅम आम्लाला ८४ ग्रॅम सोडा. म्हणजे १५० ग्रॅम खमिरातल्या दीड ग्रॅम आम्लाला १.४ ग्रॅम सोडा पुरे. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम सोडा. उत्तर आलं, पाव चमचा आणि वर चिमूट.

पाव चमचा सोड्याने सव्वादोनशे ग्रॅम पीठ पुरतं उचललं जात नाही. उरलेला जोर बेकिंग पावडरचा. बेकिंग पावडर म्हणजे सोडा, कोरडं आम्ल आणि त्यांना कोरडं ठेवणारा स्टार्च. आम्ल तिच्यातच असतं, म्हणून तिला बाहेरचं आंबट लागत नाही. इनो याच घराण्यातलं. ही पावडर १८४३ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने केली. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं, आणि तिला पाव खाता यावा म्हणून त्याने हा खटाटोप केला. एका माणसाच्या घरगुती काळजीतून निघालेली ही वस्तू आज जवळपास प्रत्येक केकमध्ये आहे, हे मला फार आवडतं.

त्याआधी काय होतं? राख. लाकडाच्या राखेतून काढलेला खार. आपल्या पापडखाराशी त्याचं नातं जवळचं आहे. १७९६ साली अमेरिकेत अमेलिया सिमन्स यांचं 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक छापलं गेलं. अमेरिकन माणसाने लिहिलेलं ते तिथलं पहिलं पाकपुस्तक. त्यात हा खार घालून फुगवायच्या कृतीही आहेत आणि डांगराचं पुडिंगही आहे.

५. डांगराचं पाणी

डांगर मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोत त्याच्या कुळाची लागवड सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. आपल्याकडे ते आलं सोळाव्या शतकात पोर्तुगीज आल्यानंतर. म्हणजे नाणेघाटात नागनिका राणीचा लेख कोरला गेला आणि जुन्नरच्या बाजारातला माल घाट उतरून कल्याणकडे जाऊ लागला, तेव्हा त्या बैलांच्या पाठीवर दुधी किंवा कोहळा असू शकेल, डांगर असणं शक्य नाही. आज मात्र ते इतकं आपलं झालं आहे की लेकीकडे जाणारी म्हातारी भोपळ्यात बसते तेव्हा मुलांच्या डोळ्यापुढे डांगरच येतं. त्याला फार लाडही लागत नाहीत. उकिरड्याच्या कडेला बी पडलं तरी वेल कुंपणावर चढतो, आणि पिकलेलं डांगर न कापता कोरड्या जागी ठेवलं तर महिनोनमहिने टिकतं.

परदेशी कृतीत डांगराचा डब्यातला गर धरलेला असतो. तो आटवलेला, घट्ट असतो. आपण डांगर कुकरमध्ये शिजवतो, तेही बहुधा पाणी घालून. मफिन मधे ओला राहतो त्याचं कारण निम्म्या वेळा हेच असतं.

फरक किती? कच्च्या डांगरात सुमारे ९२ टक्के पाणी, डब्यातल्या गरात सुमारे ९०. दोनच टक्के, काय बिघडतं, असं वाटेल. पण हिशेब करून बघा. १०० ग्रॅम डांगरात ८ ग्रॅम ऐवज आणि ९२ ग्रॅम पाणी. पाणी ९० टक्के व्हायचं तर तो ८ ग्रॅम ऐवज एकूण वजनाच्या दहावा भाग व्हायला हवा, म्हणजे एकूण वजन ८० ग्रॅम हवं. दोन टक्क्यांच्या फरकासाठी २० ग्रॅम पाणी काढावं लागलं! कुकरमध्ये पाणी घालून शिजवलं असेल तर त्याहूनही जास्त.

म्हणून डांगराच्या मोठ्या फोडी सालासकट, पाण्याला न लागता, चाळणीत वाफवा. गार झाल्यावर गर खरवडून काढा, चांगला घोटा आणि श्रीखंडाचा चक्का टांगतो तसा धुवट फडक्यात अर्धा तास टांगा. ओव्हन असेल तर फोडी सरळ त्यातच भाजा, गोडी आणखी वाढते. फडक्यातून गळलेलं पाणी कणीक भिजवायला किंवा आमटीत जातं. आणि मिश्रणात तेल किंवा तूप असू द्या. डांगराचा केशरी रंग ज्या कॅरोटीनचा, ते तेलातूनच अंगी लागतं.

६. प्रत्यक्ष करताना

आता खमिराचा दुसरा हिशेब. समान वजनाने कालवलेलं खमीर म्हणजे निम्मी कणीक, निम्मं पाणी. १५० ग्रॅम खमीर घातलं की ७५ ग्रॅम कणीक आणि ७५ ग्रॅम पाणी आपोआप पडलं. कुठल्याही कृतीत २२५ ग्रॅम पीठ आणि ७५ ग्रॅम दूध लिहिलं असेल तर १५० ग्रॅम खमीर आणि १५० ग्रॅम पीठ घ्या, दूध वगळा. हा नियम थालीपीठ, धिरडी, सगळीकडे चालतो.

बारा मफिनसाठी: १५० ग्रॅम उरलेलं खमीर, घरातल्या तापमानाला आणलेलं. १५० ग्रॅम बारीक चाळलेली कणीक, किंवा निम्मी कणीक आणि निम्मा मैदा. टांगून घट्ट केलेला डांगराचा गर २२० ग्रॅम. किसलेला गूळ १३० ग्रॅम. तेल किंवा पातळ केलेलं तूप ८० ग्रॅम. दोन अंडी. बेकिंग पावडर दीड चमचा, सोडा पाव चमचा, मीठ अर्धा चमचा. सुंठ, जायफळ, दालचिनी आवडीप्रमाणे. मी सुंठ जास्त घालते. अंडं चालत नसेल तर १०० ग्रॅम घट्ट दही घाला. दह्याचं आम्ल वाढलं, म्हणून सोडाही चिमूटभर वाढवा.

ओव्हन १८० अंशांवर आधीच तापत ठेवा. एका भांड्यात गूळ, गर, तेल, अंडी आणि खमीर गुळाचे खडे विरघळेपर्यंत फेटा. दुसऱ्या भांड्यात कणीक, पावडर, सोडा, मीठ, मसाले दोनदा चाळून घ्या. मग कोरडं ओल्यात घाला आणि मोठ्या चमच्याने दहा-बारा वेळाच खालीवर करा. थोडे गोळे दिसले तरी थांबा. पोळीच्या कणकेला जेवढं तिंबाल तेवढं चांगलं, मफिनला जेवढं कमी हलवाल तेवढं चांगलं. लगेच साच्यात पाऊण भरून ओव्हनमध्ये सारा, कारण सोडा आणि आम्ल भेटले की वायू सुटायला लागलेला असतो आणि तो आपली वाट बघत बसत नाही. २२ ते २५ मिनिटांनी काडी टोचा, कोरडी आली की झालं.

ओव्हन नाही म्हणून अडू नका. घाटाखाली कोकणात काकडीचं धोंडस करतात ते पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून. आपल्याकडे सुट्टीत घरचं तूप, पीठ, साखर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणायची पद्धत अनेकांना आठवत असेल. घरात प्रेशर कुकर असतोच. तळाशी मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिटी काढलेली, दहा मिनिटं रिकामाच तापवायचा आणि मग मंद आचेवर वाट्या ठेवायच्या. अर्धा तास लागतो. सगळ्यात सोपं अप्पेपात्र. प्रत्येक खळग्यात तुपाचा थेंब, मंद आच, झाकण, पाच-सहा मिनिटांनी उलटायचं. मला तर अप्पेपात्रातले, दोन्ही बाजूंनी खरपूस झालेलेच जास्त आवडतात.

सवड असेल तर आणखी एक करून बघा. कणीक, खमीर आणि डांगराचा गर रात्रीच कालवून झाकून ठेवा. सोडा, पावडर, गूळ, अंडी आणि तेल सकाळी घाला. रात्रभरात कोंडा मऊ पडतो, आंबटपणा खोल उतरतो. शिवाय धान्यातलं लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल आंबवण्याने कमी होतं. आंबोळीचं पीठ आपण रात्री भिजवतो त्यातही हाच फायदा आहे. आंबट वाढल्यामुळे सकाळी सोडा पाव चमच्याऐवजी सपाट अर्धा चमचा लागू शकतो. हळदीने तपासून ठरवा.

बिघडलं तर कारण शोधणं आता अवघड नाही. मधे ओला राहिला, तर डांगराचं पाणी. साबणासारखा लागला किंवा आत काळपट दिसला, तर सोडा जास्त. कापल्यावर आत उभी भोकं दिसली आणि चिवट लागला, तर फार ढवळलं. अगदीच आंबट लागला, तर खमीर फार जुनं होतं. पुढच्या वेळी १५० ऐवजी १०० ग्रॅम घ्या आणि कणीक-पाणी २५-२५ ग्रॅम वाढवा.

एवढं करून एक विनंती. साठवलेला डबा मिश्रणात ओतताना हात सैल सुटतो आणि त्याच ओघात बरणीतलं मूळ खमीरही जातं. हे पुष्कळांचं होतं, माझंही झालं आहे, आणि मग नवं खमीर धरायला पुन्हा आठ-दहा दिवस जातात. दही संपवण्याआधी विरजणापुरतं काढून ठेवतो ना, तसंच ओव्हन लावायच्या आधी चमचाभर खमीर बरणीत आहे ना, ते बघून घ्या.